गेम्स वर्कशॉपच्या संचालक मंडळाला खुले पत्र: टेबल लावणाऱ्याचा हिशेब कुठं आहे?

प्रति,
संचालक मंडळ, गेम्स वर्कशॉप,
विलो रोड, लेंटन, नॉटिंगहॅम

स.न.वि.वि.

मी तुमचा भागधारक आहे, तोही इतका लहान की वर्षाच्या लाभांशात एखादा बरा खोका आणि दोन-चार रंगाच्या बाटल्या येतात. मूळचा सांगलीचा. इंग्लंडमधल्या डर्बीत हिशेबनिसाची नोकरी करतो आणि संध्याकाळी तुमचे पुतळे रंगवत बसतो. त्यामुळे तुमचा वार्षिक अहवाल मी गिऱ्हाईक म्हणूनही वाचतो आणि हिशेबनीस म्हणूनही, आणि या दोघांचं मत क्वचितच जुळतं. पत्र मराठीत लिहितो आहे, कारण ‘या खेळण्याच्या कंपनीचे शेअर घ्यावेत का रे?’ असं विचारणारे माझे मित्र पुण्या-मुंबईचे आहेत. तुमचा माल विकणाऱ्या आणि दुकानात टेबल लावून खेळ शिकवणाऱ्या स्वतंत्र दुकानदारांबद्दल मला जे म्हणायचंय ते त्यांनाही कळायला हवं. तुमच्यासाठी इंग्रजी प्रत वेगळी पाठवतोच आहे.

त्या मित्रांसाठी दोन ओळी. दिवाळीच्या किल्ल्यावर ज्यानं मावळे मांडले आहेत त्याला हा धंदा समजायला वेळ लागत नाही. फक्त इथला मावळा तयार मिळत नाही. प्लॅस्टिकच्या चौकटीत त्याचे हात, पाय, मुंडकं, हत्यार सुटं येतं. ते कात्रीनं कापायचं, कानसायचं, चिकटवायचं, मग प्रायमर मारून बारीक ब्रशानं रंगवायचं. उंची बोटाच्या दोन पेरांएवढी. असे तीस-चाळीस पुतळे जमले की सैन्य झालं. मग सहा फूट बाय चार फुटाच्या टेबलावर ते मांडायचं, मोजपट्टीनं इंच मोजत पुढं सरकवायचं आणि फासे टाकायचे. एक डाव दोन-तीन तास सहज चालतो. वॉरहॅमर 40,000 हे यातलं सगळ्यात मोठं नाव, आणि ते तुमचं.

आता कौतुकाचं आधी बोलून घेतो, नाहीतर पुढचं सगळं रुसलेल्या गिऱ्हाइकाचं रडगाणं वाटेल. 1 जून 2025 ला संपलेल्या वर्षात तुमची मुख्य धंद्यातली विक्री 56 कोटी 50 लाख पौंड झाली. व्हिडिओ गेम वगैरेंच्या लायसन्सिंगमधून 5 कोटी 25 लाख आले. करपूर्व नफा 26 कोटी 28 लाख. म्हणजे 100 पौंड आले की त्यातले 42 हून जास्त नफ्यात. कारखाना चालवणारी, दुकानांची भाडी भरणारी, माल जगभर पाठवणारी कंपनी हे आकडे दाखवते तेव्हा आमच्या धंद्यातला माणूस आधी बेरीज तपासून पाहतो. डोक्यावर कर्ज नाही. खरोखर जास्तीची रोकड उरली तरच लाभांश, हा नियम तुम्ही पाळता. त्याच वर्षी कर्मचाऱ्यांना नफ्यातला वाटा म्हणून 2 कोटी पौंड दिलेत, आणि तो वाटा साहेबापासून खोके भरणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सारखा. 2016 च्या सुमाराला पाच पौंडांच्या आसपास घुटमळणारा शेअर शंभरच्या वर गेला आणि डिसेंबर 2024 मध्ये तुम्ही लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांत जाऊन बसलात. बँका, तेल कंपन्या, औषध कंपन्या, आणि त्यांच्या रांगेत प्लॅस्टिकचे शिपाई विकणारे तुम्ही.

हे एका झटक्यात झालं नाही, हेही मला ठाऊक आहे. 1975 साली लंडनमधल्या एका फ्लॅटमध्ये तीन मित्रांनी ही कंपनी काढली तेव्हा जॉन पीक लाकडी पट बनवायचे आणि इयन लिव्हिंगस्टन व स्टीव्ह जॅक्सन ते विकायची खटपट करायचे. पुढं अमेरिकेतून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा नवा खेळ आला. त्याच्या सहा प्रती मागवल्या, कारण सातव्या प्रतीला पैसे नव्हते. त्या सहा प्रतींच्या जोरावर युरोपात तो विकण्याचे हक्क मिळवले. फ्लॅट गेला तेव्हा लिव्हिंगस्टन आणि जॅक्सन काही काळ गाडीत झोपले. 1977 मध्ये ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिक, 1978 मध्ये हॅमरस्मिथला पहिलं दुकान. वॉरहॅमर आलं 1983 मध्ये आणि त्याचा अंतराळातला अवतार 1987 मध्ये. म्हणजे सुरुवातीची वर्षं तुम्ही दुसऱ्यानं बनवलेला खेळ मागवून फळीवर मांडणारे, गिऱ्हाइकाला तो समजावून सांगणारे दुकानदार होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आजचं पत्र अशाच माणसाबद्दल आहे.

ब्रायन अ‍ॅन्सेल यांनी कंपनीची सूत्रं घेतली, कारभार नॉटिंगहॅमला नेला आणि दिशा बदलली: दुसऱ्यांचा माल बंद, आपल्या दुकानात फक्त आपला माल. 1991 मध्ये टॉम कर्बींनी व्यवस्थापनातल्या मंडळींसह कंपनी विकत घेतली, 1994 मध्ये ती शेअर बाजारात आणली. तेव्हापासून एकच धोरण दिसतं: जे दुसऱ्याच्या हातात आहे ते आपल्या हातात घ्यायचं. पुतळ्याचं चित्र काढणारा तुमचा, संगणकावर तो घडवणारा तुमचा, पोलादी साचा तुमचा. यंत्रं लेंटनमध्ये. त्याच भागात पूर्वी रॅले सायकली बनत. आमच्याकडं आजोबांच्या पिढीत रॅले असणं म्हणजे गावात पत असणं. त्या सायकलींचा नॉटिंगहॅममधला कारखाना 2002 मध्ये बंद झाला आणि उत्पादन परदेशी गेलं. तुम्ही मात्र गेला नाहीत. सगळं जग चीनमध्ये प्लॅस्टिक ओतत असताना तुम्ही इथंच एकामागून एक कारखाने वाढवलेत. कथा तुमच्या, कादंबऱ्या छापणारा विभाग तुमचा, पाचशेहून जास्त दुकानं तुमची, संकेतस्थळ तुमचं. हिशेबनीस म्हणून मी याला सलाम करतो. पोलादी साच्याला सुरुवातीला पैसा लागतो, पण एकदा तो वसूल झाला की पुढच्या प्रत्येक चौकटीला प्लॅस्टिक, वीज आणि पुठ्ठ्याचा खोका एवढाच खर्च. मधला दलाल नसेल तर तो सगळा फरक तुमच्याच खिशात.

पण मधला माणूस आहे. तुमच्याच अहवालात मुख्य विक्रीचे तीन रस्ते दिलेले असतात: तुमची दुकानं, तुमचं संकेतस्थळ आणि व्यापारी खाती. या तिसऱ्या रस्त्यानं, म्हणजे जगभरातल्या स्वतंत्र दुकानदारांमार्फत, निम्म्याहून जास्त विक्री होते. पाचशे दुकानं आणि एवढं झगमगीत संकेतस्थळ मिळूनही त्यांच्या मागं आहेत. सगळं आपल्या हातात ठेवणाऱ्या कंपनीचा निम्म्याहून जास्त धंदा अशा लोकांच्या हातात आहे ज्यांना ती पगार देत नाही, भाडं देत नाही, आणि पुढच्या वर्षी काय करणार हे सांगतही नाही.

हा माणूस काय करतो ते बघा. माझ्या घरापासून बसच्या अंतरावर एक दुकान आहे, नाव मुद्दाम देत नाही. पुढच्या भागात फळ्या, मागच्या भागात पाच टेबलं. गुरुवारी संध्याकाळी सहाला दुकानदार पत्त्यांच्या खेळाचे खोके बाजूला सारतो, टेबलांवर हिरव्या-करड्या चटया अंथरतो आणि थर्माकोलच्या टेकड्या, पडकी घरं मांडतो. टेबलाला भाडं नाही, चहाच्या कपाचे पन्नास पेन्स. परवा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. हातात वाढदिवसाचा खोका, पण चौकट आधीच चुकीची कापलेली, एका शिपायाचा हात गायब. दुकानदारानं काउंटरखालचा डबा काढला, त्यातल्या सुट्या अवयवांतून हात शोधला, कसा घासायचा ते दाखवलं, गोंदाचा थेंब कुठं ठेवायचा ते दाखवलं. मुलाच्या बोटाला गोंद लागला तोही पुसला. पाऊण तास गेला. विक्री किती? एक ब्रश. आई निघताना म्हणाली, पुढच्या गुरुवारी येऊ. हा मुलगा पुढची आठ-दहा वर्षं तुमचं गिऱ्हाईक असेल, नशीब असेल तर माझ्यासारखा चाळीस वर्षं. त्याला मिळवण्याचा खर्च तुमच्या ताळेबंदात कुठंच नाही. तो दुकानदाराच्या वीजबिलात आहे.

आता त्याच्या फळीकडं या. वॉरहॅमर 40,000 ची आठवी आवृत्ती जून 2017 मध्ये आली, नववी जुलै 2020 मध्ये, दहावी जून 2023 मध्ये. तुमच्या दुसऱ्या मोठ्या खेळाचं, एज ऑफ सिग्मारचंही तेच: 2018, 2021, 2024. दर तीन वर्षांनी नियम बदलतात आणि जुनी नियमपुस्तकं रद्द होतात. बदल वाईट असं मी म्हणत नाही; दहावी आवृत्ती मला नवव्या आवृत्तीपेक्षा खूपच आवडली, आणि सुरुवातीला सगळ्या सैन्यांचे नियम तुम्ही फुकट दिलेत तेव्हा मी मनापासून टाळ्या वाजवल्या. पण फेब्रुवारी 2023 मध्ये ‘वर्ल्ड ईटर्स’ या सैन्याचं कोरं करकरीत, जाड पुठ्ठ्याचं नियमपुस्तक बाजारात आलं. त्याच वर्षी जूनमध्ये दहावी आवृत्ती आली आणि ते पुस्तक खेळायच्या कामाचं राहिलं नाही. मध्ये चार महिने. समजा एखाद्या दुकानदारानं त्याच्या दहा प्रती घेतल्या आणि सहा विकल्या. उरलेल्या चार प्रतींचं त्यानं काय करायचं? चित्रं छान आहेत म्हणून अर्ध्या किमतीत काढायच्या. तुमच्या पुस्तकात त्या दहाही प्रती ‘विक्री’ म्हणून जमा झालेल्या असतात. त्याच्या पुस्तकात त्यातल्या चार बुडीत.

हे पुस्तक छापायला पाठवलं त्या दिवशी त्याचं आयुष्य किती हे या जगात फक्त तुम्हाला माहीत होतं. माझी तक्रार नेमकी इथं आहे. जोखीम सगळ्याच धंद्यांत असते. पण इथं एकाला तारीख माहीत आहे आणि पैसे दुसऱ्याचे अडकले आहेत. 2024 च्या वसंतात तुम्ही जाहीर केलंत की एज ऑफ सिग्मारमधून बीस्ट्स ऑफ केऑस आणि बोनस्प्लिटर्झ ही सैन्यं बाहेर पडणार, वर्षभर नियम चालतील, मग संपलं. ज्याच्या फळीवर ते खोके होते त्याला ही बातमी गिऱ्हाइकांबरोबरच कळली असेल, तर त्याच्याकडं खोके उतरवण्याआधी सावध व्हायला काही वेळच उरला नाही.

तुमचे वित्तप्रमुख यावर काय म्हणतील ते मी सांगतो, कारण त्यांच्या खुर्चीत असतो तर मीही तेच म्हटलं असतं: माल परत घ्यायची सवय लागली की कंपनी बुडते. उदाहरणही हाताशी आहे, आणि तेही तुमच्या घरचंच म्हणावं असं. ज्यांच्या खेळाच्या सहा प्रतींवर तुमचा संसार उभा राहिला ती अमेरिकेतली टीएसआर कंपनी पुस्तकांच्या दुकानांसाठी रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेमार्फत माल पाठवायची. माल पाठवला की आगाऊ पैसे मिळायचे, म्हणून माल पाठवतच राहिले. न विकलेला माल नंतर परत येऊ लागला तेव्हा देणी इतकी झाली की 1997 मध्ये कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या खेळकंपनीच्या हवाली करावी लागली. तेव्हा सरसकट परतीचा आग्रह मी धरणार नाही. तसा धरला तर माझाच लाभांश धोक्यात येईल. पण टीएसआर बुडाली ती स्वतःला फसवण्यामुळं, खरी मागणी किती हे न बघता छापत राहिल्यामुळं. तुमच्यापुढचा प्रश्न त्यापेक्षा लहान आहे: जे पुस्तक तुम्ही स्वतःच सहा महिन्यांच्या आत रद्द करणार आहात, त्याच्या न विकलेल्या प्रतींचं मुखपृष्ठ पुराव्यादाखल फाडून पाठवलं तर खात्यावर तेवढी रक्कम जमा करा. तुमच्या 26 कोटींच्या नफ्यात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. आणि ती द्यायची नसेल तर आवृत्तीच्या शेवटच्या सहा महिन्यांत नवं नियमपुस्तक काढूच नका. दोन्हींतलं काहीही चालेल.

टंचाईबद्दलही बोलायला हवं. जुलै 2020 मध्ये ‘इंडोमिटस’ हा खोका काही मिनिटांत संपला. इतका गदारोळ झाला की तुम्ही तो मागणीप्रमाणे बनवून द्यायचं कबूल केलंत, आणि दिलातही. त्याबद्दल तुमचं नाव झालं. मग एप्रिल 2021 मध्ये ‘कर्स्ड सिटी’ आला, संपला, आणि नाहीसाच झाला. लोक महिनोन्महिने विचारत राहिले आणि तो परतला 2022 मध्ये. महामारी होती, जहाजं अडकली होती, सगळं मान्य. पण टंचाईचा पहिला फटका कुणाला बसतो? तुमच्या संकेतस्थळावर ‘संपला’ अशी पाटी लागते आणि शिव्या द्यायला समोर माणूस नसतो. दुकानात काउंटरमागं माणूस असतो. त्याला किती खोके मिळणार आणि ते कोणत्या हिशेबानं ठरलं, हे त्यानं गिऱ्हाइकाला सांगता येईल इतक्या सोप्या शब्दांत एकदा लिहून जाहीर करा. गेल्या वर्षीच्या खरेदीवर ठरतं, टेबलांवर ठरतं, की देशानुसार ठरतं? नियम कडक असला तरी चालेल, पण तो माहीत हवा. आणि मागणीप्रमाणे बनवायचा माल तुमच्या संकेतस्थळापुरता का? दुकानातून नोंदवता यावा, दुकानातूनच उचलता यावा, त्यातला रास्त वाटा दुकानदाराला मिळावा. त्यात ना त्याचं भांडवल अडकतं ना तुमचं.

तुमच्या आणि दुकानदारांच्या नात्याचा इतिहास फारसा गोड नाही. 2011 मध्ये तुम्ही युरोपातल्या व्यापाऱ्यांना युरोपाबाहेर माल पाठवायला बंदी केलीत, कारण ऑस्ट्रेलियातली गिऱ्हाइकं तिथल्या चढ्या किमती टाळून इंग्लंडमधून मागवत होती. किमतींतला फरक तुमचा, तो भरून काढणारा दुकानदार, आणि शिक्षा त्याला. त्याच काळात कर्बीसाहेब अहवालात लिहीत की आम्ही बाजाराचा अभ्यास करत नाही, गिऱ्हाइकांना काय हवं ते विचारत नाही, आमच्यासारख्या छोट्या कोपऱ्यातल्या धंद्यात त्याची गरजच नाही. माणूस हुशार होता. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या सिनेमांनी (त्यांचेही पुतळे तुम्ही काढलेत) 2001 पासून जी लाट आणली आणि मग ओसरली, तिच्यात कंपनी सुस्तावली हेही त्यांनीच प्रांजळपणे लिहिलं होतं. पण न विचारण्याचा अभिमान मात्र महाग पडला. 2015 च्या जानेवारीत केव्हिन राउंट्री मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि कंपनी लोकांशी बोलायला लागली. जाहीर बातम्या द्यायला लागली, चुका कबूल करायला लागली, नवशिक्यांसाठी स्वस्तातले खोके काढायला लागली. त्यानंतरचा आलेख सगळ्यांपुढं आहे. खेळाडूंशी बोलून एवढं मिळालं असेल, तर दुकानदारांशी बोलायला अजून कशाची वाट बघताय?

टेबल लावणाऱ्याला सोडून दिलं की काय होतं, हे या धंद्यानं पाहिलंय. अमेरिकेतल्या प्रायव्हेटीअर प्रेसचा ‘वॉरमशीन’ एकेकाळी तुमच्याच गिऱ्हाइकांना ओढत होता. दुकानादुकानांत डाव लावणारी, नवख्यांना शिकवणारी स्वयंसेवकांची त्यांची फौज होती. 2017 मध्ये कायद्याच्या कटकटींच्या भीतीनं त्यांनी ती मोडली. नुकतीच आलेली नवी आवृत्तीही लोकांना रुचली नव्हती, त्यामुळं सगळं खापर एका निर्णयावर फोडणार नाही. पण दुकानांतून तो खेळ दिसेनासा होत गेला आणि 2024 मध्ये त्यांनी तो स्टीमफोर्ज्ड या कंपनीला विकला. दुसरीकडं दुकानाला वळसा घालून थेट लोकांकडून आगाऊ पैसे उभारणारे. 2012 मध्ये रीपर या पुतळे बनवणाऱ्या कंपनीनं असे पैसे उभारायच्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर 30 लाख डॉलरच्या वर जमवले, त्याच वर्षी ‘झोंबिसाइड’ही तिथंच गाजला. तेव्हा सगळे म्हणाले, दुकानं संपली. 2025 मध्ये त्याच ‘झोंबिसाइड’च्या मालकांना नव्या मोहिमा थांबवाव्या लागल्या आणि तो खेळ अस्मोदी या मोठ्या खेळकंपनीला विकावा लागला. दुकानं मात्र अजून उभी आहेत. त्यांच्या फळ्यांवर तुमच्या शेजारीच वॉरलॉर्ड आणि मॅन्टिकचे खोके असतात. दोन्ही कंपन्या नॉटिंगहॅमच्या, दोन्ही तुमच्याकडून बाहेर पडलेल्यांनी काढलेल्या. तुमच्या स्वतःच्या दुकानात गिऱ्हाइकाला त्या दिसत नाहीत. स्वतंत्र दुकानदाराबद्दल तुम्हाला मनातून जी धास्ती वाटते तिचं मूळ इथं असावं, असा माझा आपला अंदाज. धास्ती वाटणं समजू शकतो. पण ज्याच्याकडं चार कंपन्यांचा माल आहे तो कुणाचं टेबल आधी लावेल? ज्यानं त्याचे पैसे बुडवले नाहीत त्याचं.

आता माझ्या भाच्याचं सांगतो, म्हणजे पुण्याच्या मित्रांना यात आपला काय संबंध ते कळेल. भारतात तुमचं स्वतःचं दुकान नाही. खेळण्यांवरची आयात जकात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेली, 2023 मध्ये 70 वर. पूर्वी मामा इथून पाच हजारांच्या आतला एखादा खोका भेट म्हणून टपालानं पाठवू शकायचा. डिसेंबर 2019 मध्ये राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून ती सवलत गेली. यात तुमचा दोष नाही, धोरण भारताचं आहे, आणि देशी खेळण्यांच्या कारखानदारांना विचाराल तर ते उत्तमच म्हणतील. पण परिणाम बघा. भाच्यानं चांगल्या मोबाइलपेक्षा कमी पैशांत रेझिनचे पुतळे छापणारा थ्रीडी प्रिंटर घेतला. कोथरूडच्या फ्लॅटच्या गॅलरीत तो ठेवलाय, वासामुळं बहिणीची रोज बोलणी खातो, आणि हवी ती सेना छापतो. तुमची नक्कल छापू नकोस असं मी त्याला बजावलंय. तो स्वतंत्र कलाकारांच्या फाइली महिन्याच्या वर्गणीवर घेतो, त्या रीतसर असतात आणि खरं सांगायचं तर काही तुमच्याइतक्याच देखण्या असतात.

त्याच्याकडं पुतळ्यांची ददात नाही. खेळायला माणसं नाहीत. जेवणाच्या टेबलावर तिघं मित्र जमतात, चौथा बंगळूरला गेला. डर्बीच्या त्या मुलाला जो पाऊण तास मिळाला तो देणारा कुणी त्याला भेटलाच नाही. जे शिकला ते व्हिडिओ बघून. शिकागोच्या कोर्टात तुमच्या पुतळ्यांना जोडायचे सुटे भाग विकणाऱ्या चॅप्टरहाउस नावाच्या छोट्या कंपनीवर 2010 च्या अखेरीस दावा लावून तुम्ही अडीच वर्षं भांडलात आणि ज्यूरीनं तुम्हाला दिले 25 हजार डॉलर. त्यानंतर तुम्ही शहाणपणानं नियम केलात की एखाद्या पात्राचा पुतळा आपण विकत नसू तर त्याचे खेळातले नियमही छापायचे नाहीत. पण प्रिंटरवर कुठवर दावे लावणार? तो गॅलरीगॅलरीत आहे. उद्या पुण्यात कुणी चार टेबलं टाकून दुकान काढलं आणि तिथं ‘अस्सल पुतळे आणा’ अशी पाटी असली, तर माझा भाचा जकातीसकट तुमचा खोका घेईल, कारण गुरुवारची संध्याकाळ त्याच्या बदल्यात मिळते. ती संध्याकाळ प्रिंटरमधून निघत नाही आणि नॉटिंगहॅमच्या साच्यातूनही निघत नाही.

किमतींबद्दल फारसं लिहीत नाही. दरवर्षी वाढतात, दरवर्षी लोक ओरडतात, दरवर्षी विक्री वाढते. माझ्यातला हिशेबनीस यावर गप्प बसतो आणि गिऱ्हाईक कुरकुरत पैसे काढतो.

तेव्हा सप्टेंबरच्या वार्षिक सभेसाठी मी पुढचे प्रश्न लेखी पाठवतो आहे. आवृत्ती बदलण्याआधीच्या सहा महिन्यांत निघालेल्या नियमपुस्तकांच्या न विकलेल्या प्रतींची भरपाई व्यापारी खात्यांना देणार का? नसल्यास त्या काळात पुस्तकं काढणं थांबवणार का? माल वाटपाचा नियम जाहीर करणार का? मागणीप्रमाणे बनवलेला माल स्वतंत्र दुकानांतून नोंदवता येईल का? आणि चौथा प्रश्न माझ्या पेशातला: व्यापारी खाती वर्षभरात नवी किती उघडली आणि जुनी किती बंद पडली, हे दोन आकडे वेगवेगळे द्या. बेरीज-वजाबाकी करून उरलेला एक आकडा नको. बंद पडलेली किती याचं उत्तर पुढच्या अहवालात छापलंत, तर बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं संचालक मंडळ स्वतःच शोधायला लागेल असं मला वाटतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
डर्बीचा एक भागधारक